घड्याळ उतारावर थांबवा

उज्जैनहून दक्षिणेला निघालेल्या सायकलवाल्याला इंदूर आणि महू मागे पडेपर्यंत घाट असा भेटतच नाही. दोन्ही हातांना सोयाबीन नाहीतर गहू, मध्येच एखादा उड्डाणपूल, त्याचाच काय तो चढ. मग महूच्या पुढे जाम दरवाजापाशी माळव्याचं पठार एकाएकी संपतं. अहिल्याबाई होळकरांच्या काळातली ती दगडी वास्तू विंध्याच्या ऐन कड्यावर उभी आहे आणि तिच्या कमानीतून खाली निमाड दिसतो. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच, नर्मदाकाठचं महेश्वर दीडशेच्या आसपास, आणि जामचा कडा उज्जैनपेक्षाही वर. ही सगळी उंची मंडलेश्वरकडे जाणारा रस्ता वळणावळणांनी, थोडक्या अंतरात खाली सोडून देतो.

पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत रविवारी सकाळी या कड्यावर दोन तऱ्हेची माणसं जमतात. काही ढग बघायला, भाजलेली कणसं खायला, फोटो काढायला आलेली. आणि काही हेल्मेट घातलेली, इंदूरहून अंधारातच पेडल मारत निघालेली किंवा उज्जैनहून मोटारीच्या टपावर सायकल बांधून आलेली. ही दुसरी मंडळी ट्रायथलॉनच्या तयारीतली. डॉक्टर, बँकेतले अधिकारी, शिकवणी घेणारे मास्तर, दुकानदार. चाळिशी ओलांडलेले बरेच. मराठी घरांतलेही पुष्कळ. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी राहिलेल्या उज्जैनात आणि होळकरांच्या इंदुरात ते असायचेच.

चढाबद्दल ही माणसं तासभर बोलतील. कुठल्या गिअरवर बसलो, नाडी कितीवर गेली, कुठे उभं राहून पेडल मारले, सगळं पाठ असतं. उताराचा विषय काढला की उत्तरं आखूड होतात. कुणी मनगटावरची जुनी खूण दाखवतो. कुणी सांगतो, उतरताना मी सायकल गाडीत टाकतो, बायकोला तसा शब्द दिलाय. एकजण घाट चढून आल्यावर मित्राच्या गाडीतून खाली जातो आणि पुन्हा चढतो, कारण त्याला चढाचाच सराव हवा असतो. मला हे सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. पण स्पर्धेत गाडी मिळत नाही. तिथे चढलेला प्रत्येक मीटर उतरावा लागतो, घड्याळ चालू असताना, अनोळखी माणसांच्या गर्दीत. डोंगराळ मार्ग हौशी माणसासाठी सुरक्षित आहे का, हा प्रश्न मुळात या उताराचा आहे.

*

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एका दमात. 'सेव्हंटी पॉइंट थ्री' या नावाच्या अर्ध्या आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर धावायचं. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट: ३.८, १८० आणि ४२.२. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या पन्नाशीत, झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली तेव्हा हा शब्द मराठी घरांत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पोचला. पुण्याच्या कौस्तुभ राडकर यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी त्याआधीपासून वाट तयार केली होती. ऑक्टोबर २०१९मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिली सेव्हंटी पॉइंट थ्री झाली आणि पासपोर्ट-व्हिसाच्या भानगडीशिवाय आयर्नमॅनचं पदक मिळायची सोय झाली. करोनाची दोन वर्षं वगळता ती स्पर्धा होत आली आहे.

गोव्याच्या मार्गावर चढउतार आहेत, पण खरा घाट नाही, आणि सायकलीचा रस्ता त्या वेळेपुरता वाहनांना बंद असतो. म्हणून पहिलटकराला तो मार्ग मानवतो. अडचण पुढे येते. एकदा पदक मिळालं की माणूस नकाशा पसरून बसतो. फ्रान्समधलं नीस खुणावू लागतं. तिथे २०१९ साली सेव्हंटी पॉइंट थ्रीची जागतिक स्पर्धा झाली तेव्हा सायकलस्वारांना ९६३ मीटर उंचीची व्हान्सची खिंड ओलांडावी लागली होती. तिथल्या पूर्ण अंतराच्या मार्गावर तर दोन हजार चारशे मीटरच्या आसपास चढ आहे. नॉर्वेतलं नॉर्समन आहे, २००३पासून चाललेलं, जिथे फेरीबोटीतून फ्योर्डच्या थंड पाण्यात उडी मारून सुरुवात होते. ही नावं उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये चहाच्या टपरीवर सहज कानावर पडतात. आणि त्यांच्या तयारीसाठी जवळ काय आहे? जाम, सिमरोलचा घाट, मांडूचा रस्ता. तिन्ही वाहत्या रहदारीचे.

*

आता थोडा हिशेब. तो मांडल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ आहे.

समजा, सहा किलोमीटरचा घाट आहे आणि त्याला आठ टक्के चढ आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. मध्यम ताकदीचा हौशी सायकलवाला तो ताशी दहा किलोमीटरनं चढतो. त्याला छत्तीस मिनिटं लागतात. सहा महिने नेटानं सराव करून त्यानं वेग ताशी अकरावर नेला तर पावणेतेहेतीस मिनिटांत तो वर पोचतो. सव्वातीन मिनिटं वाचली.

तोच घाट ताशी साठच्या वेगानं उतरला तर सहा मिनिटं, ताशी चाळीसनं उतरला तर नऊ. फरक तीन मिनिटांचा. म्हणजे चढावर ताशी एक किलोमीटर वाढवून जे मिळतं तेवढंच, त्याहून किंचित कमीच, उतारावर ताशी वीस किलोमीटर वाढवून मिळतं.

आणि त्या वीस किलोमीटरांची किंमत बघा. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर म्हैस दिसली, मेंदूनं ओळखली, बोटं ब्रेकवर गेली, यात एक सेकंद गेला तर सतरा मीटर तिथेच संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं, आठ टक्के उतारावर थांबायला आणखी तीस-पस्तीस मीटर. एकूण पन्नास. ताशी चाळीसला हेच अंतर सव्वीस मीटरच्या आसपास येतं. घाटातल्या वळणावर डोंगराच्या कुशीमुळे पुढचं किती दिसतं? पुष्कळ ठिकाणी तीस मीटरसुद्धा नाही. म्हणजे चाळीसवाला दिसेल त्या अंतरात थांबू शकतो. साठवाल्यानं रस्ता मोकळा असेल या भरवशावर स्वतःला सोडून दिलेलं असतं.

वळणाचाही हिशेब याच जातीचा. वीस मीटर त्रिज्येचं वळण स्वच्छ कोरड्या डांबरावर कसलेला माणूस ताशी पस्तीसनं घेईल. त्याच वळणाच्या आतल्या बाजूला पावसानं वाहून आणलेला मुरूम असेल तर पंचवीस-अठ्ठावीसच्या वर जाण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तो मुरूम आतल्या बाजूलाच साचलेला असतो, आणि सायकलवाल्याची स्वाभाविक ओढही तिकडेच असते.

या हिशेबात ट्रायथलॉनच्या खास सायकलीनं भर घातली आहे. तिच्या हँडलवर पुढे दोन दांडे, म्हणजे बार, असतात. कोपरं टेकवून, हात जोडल्यासारखे पुढे धरून त्यांवर झुकायचं, म्हणजे वारा कमी लागतो. सपाटीवर ही रचना अप्रतिम आहे. पण ब्रेक त्या दांड्यांवर नसतात, बाजूच्या हँडलवर असतात. पुढे झुकलेल्या माणसाला ब्रेकपर्यंत हात न्यायला अर्धा सेकंद लागला तरी ताशी साठला आठ मीटर गेले. शिवाय हात जवळ आल्यामुळे तोल नाजूक होतो. चाकांच्या कडा खोल असल्या तर घाटाच्या खिंडीत बाजूनं आलेला वारा पुढचं चाक ढकलतो. जाममध्ये कड्यावरून निघाल्यावर जिथे डोंगराची आड संपते तिथे हा धक्का बसतो. ज्यांनी तो एकदा खाल्लाय ते पुढच्या वेळी खोल कडांचं चाक घरी ठेवून येतात.

कड्यावर उतरण्याआधी जाणती मंडळी काय करतात ते जवळून बघण्यासारखं आहे. सायकल उलटी न करता उभीच धरून पुढचं चाक उचलतात, फिरवतात, ब्रेक दाबून बघतात. ब्रेकच्या रबरात खडीचा कण रुतलाय का, नखानं चाचपतात. रबरावरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर त्या दिवशी उतरत नाहीत. टायरची हवा अंगठ्यानं दाबून अंदाज घेतात. चष्म्यावरचं दव पुसतात. मग दोन्ही हात खालच्या वळलेल्या हँडलवर, दोन बोटं सतत ब्रेकवर, वजन मागे. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दाबून धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये सतत दाबलं की चाकाची कड तापते, आणि कार्बनची कड असेल तर ती मऊ पडण्याची, ट्यूब फुटण्याची धास्ती असते. खाली पोचल्यावर कडेला हात लावला की चटका बसतो, हे बहुतेकांनी अनुभवलंय. डिस्क ब्रेक आल्यापासून ही एक काळजी बरीच कमी झाली. पण पंजे दमले असतील तर डिस्क ब्रेकही स्वतः होऊन दाबला जात नाही.

"काका, बार सोडा. बार सोडून उतरा!" मागून येणाऱ्या एका तरुण मुलीनं साठीच्या एका गृहस्थांना दिलेली ही हाक जाममध्ये ऐकली. काकांनी बार सोडले. पुढच्याच वळणावर रस्त्यात बस उभी होती, प्रवासी उतरून फोटो काढत होते.

*

माळव्यातल्या या मंडळींत उताराविषयी एकमत नाही, आणि ते नसणं प्रामाणिकपणाचं आहे.

एका गटाचं म्हणणं असं की डोंगर उतरणं हे कौशल्य आहे आणि खेळात कौशल्याला जागा हवी. लाटांतून पोहता येत नाही म्हणून कुणी समुद्र हटवा म्हणत नाही. तसंच उतरता येत नसेल तर शिका, नाहीतर सपाट मार्ग निवडा. या म्हणण्यात तथ्य आहे. मला त्यात एकच खोट दिसते. शिकायचं कुठे? आपले हौशी खेळाडू पाय कमावतात घरातल्या ट्रेनरवर, पडद्यावरच्या आभासी डोंगरांवर. त्या डोंगराला उतार असतो, पण त्यावर पडता येत नाही, म्हणून ब्रेक शिकता येत नाही. उरलेला सराव इंदूर-उज्जैन रस्त्यावर, जो २०२८च्या सिंहस्थासाठी सहा पदरी होतो आहे आणि सरळसोट आहे. त्यामुळे मांड्या आंतरराष्ट्रीय आणि उतरण्याची अक्कल नवशिक्याची, असा माणूस तयार होतो. हा दोष त्याचा नाही. त्याला रहदारी नसलेला उतार कुणी दिलेलाच नाही.

दुसऱ्या गटाच्या मते उतार निरपराध आहे. मारते ती रहदारी. वळणावर ट्रक पूर्ण रस्ता खातो, मोटार सायकलीला ओलांडून लगेच ब्रेक दाबते, समोरून कुणी दुचाकीवाला वळण कापून येतो. स्त्री खेळाडूंचं सांगणं याच धाग्याचं आहे, पण आणखी टोकदार. एकटी बाई घाट चढताना दिसली की काही गाड्या मुद्दाम खेटून जातात, आरडाओरडा करतात. म्हणून त्या तिघी-चौघी मिळूनच जातात, आणि गटात जायचं म्हणजे उतारावर चाकाला चाक लागायचा धोका वाढतो. एका संकटातून सुटायला दुसरं पत्करायचं. रस्ता बंद असेल तर उतरू, नसेल तर नाही, अशी सरळ रेघ त्यांच्यातल्या बऱ्याचजणींनी आखली आहे.

तिसरं म्हणणं कमी ऐकू येतं, पण मला ते सगळ्यांत वजनदार वाटतं. ते मागे पडणाऱ्यांचं आहे. सेव्हंटी पॉइंट थ्रीमध्ये सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपवावी लागते आणि साडेआठ तासांत सगळं. जो चढावर मागे पडला त्याला ही वेळ भरून काढायला उतारच उरतो. म्हणजे घाटाच्या मार्गावर सर्वांत बेफाम कोण उतरतो? पहिला येणारा नव्हे. वजनानं जड, दमलेला, पंजे आखडलेला, वेळेच्या बाहेर फेकला जाण्याच्या भीतीनं पछाडलेला शेवटच्या रांगेतला माणूस. आयोजक वैद्यकीय पथक कुठे ठेवायचं ठरवतात तेव्हा पहिले गेले की गेलीच स्पर्धा असं समजून चालत नाही ते यामुळे.

नियमही नकळत यात तेल ओततो. आयर्नमॅनमध्ये हौशी खेळाडूला पुढच्याच्या आडोशाला राहायला बंदी आहे. बारा मीटरचं अंतर ठेवायचं, आणि त्या अंतरात शिरलात तर पंचवीस सेकंदांत पुढे निघायचं. सपाटीवर हा नियम न्यायाचा. उतारावर जड माणूस हलक्याला पेडल न मारताच गाठतो. मग त्यानं एकतर वळणाच्या तोंडावर ब्रेक दाबायचा किंवा वळणातच ओलांडायचं. घाटापुरता हा नियम सैल करून ओलांडण्यालाच बंदी घालणं, हे आयोजकाला सहज करता येण्यासारखं आहे.

*

उताराची किंमत सायकलच्या व्यावसायिक जगानं फार मोठी मोजली आहे. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा विजेता फाबिओ कासार्टेली १९९५च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजमधली पोर्ते दास्पेची खिंड उतरताना पडून गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरी सक्ती आली नाही. ती मे २००३मध्ये आली, त्या वर्षी पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडून मरण पावल्यावर. हेल्मेट आलं, आणि तरी जून २०२३मध्ये टूर ऑफ स्वित्झर्लंडमध्ये आल्बुला खिंडीच्या उतारावरून स्विस सायकलपटू जिनो मेडर दरीत गेला. दुसऱ्या दिवशी वारला. त्या टप्प्याची शेवटची रेषा उतार संपल्यावर लगेच होती. पायथ्याशी विजयरेषा ठेवली की उतारावर कुणीही ब्रेक दाबणार नाही, हे तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनीच बोलून दाखवलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४मध्ये, झुरिकच्या जागतिक स्पर्धेत म्युरिएल फुरर ही अठरा वर्षांची मुलगी पावसात जंगलातल्या उतारावर पडली. ती पडलेली कुणाला दिसलीच नाही. बऱ्याच वेळानं सापडली आणि दुसऱ्या दिवशी गेली. जगातली सर्वोच्च शर्यत, बंद रस्ता, सुबत्ता असलेला देश, आणि एक मुलगी झाडीत पडून राहते. मला जाममधली झाडी आठवते, जिथे पावसाळ्यात रस्त्यापासून चार हातांवरचं दिसत नाही आणि मोबाइलला धड रेंज नसते. तिथून मोठ्या इस्पितळासाठी इंदूरच गाठावं लागतं. घाटात प्रत्येक वळणावर शिट्टी आणि वायरलेस घेतलेला माणूस उभा नसेल, तर तिथे स्पर्धा नको. झुरिकनंतर याबद्दल वाद घालायला जागा राहिलेली नाही.

आणि बंद रस्ता म्हणजे खरोखर बंद. जून २०२३च्या हॅम्बुर्ग आयर्नमॅनमध्ये स्पर्धेचीच मोटारसायकल एका खेळाडूवर समोरासमोर आदळली आणि मोटारसायकलस्वार ठार झाला. तो रस्ता सपाट होता. घाटात चित्रीकरणाच्या, पंचांच्या, पाहुण्यांच्या गाड्या किती सोडायच्या, याचा कडक आकडा हवा.

*

आता आपल्याकडे या. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्राची जुनी, चाळीसच्या दशकातली परंपरा. मध्ये खंड पडले, पुन्हा सुरू झाली. तिच्यातला मानाचा किताब 'घाटाचा राजा'. खोपोलीहून बोरघाट चढायचा, शिंग्रोबाच्या देवळापाशी जो पहिला पोचेल तो राजा. ही शर्यत मुंबईहून पुण्याला जाते, पुण्याहून मुंबईला नाही. त्यामुळे तिच्यात बोरघाट फक्त चढला जातो. उतरण्याची वेळच येत नाही. ही दिशा कुणी कुठल्या हेतूनं ठरवली ते राहू द्या. तिचा परिणाम असा की शर्यतीचा सगळा थरार चढावर आला, आणि चढावर पडणारा माणूस ताशी दहा-पंधराच्या वेगानं पडतो. गुडघा सोलवटतो. उठतो. पुन्हा पेडल मारतो.

जी माणसं उघड्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची सायकल चालवतात त्यांनी वेगळं उत्तर शोधलं आहे. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका ओलांडणारी रॅम ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं केली. तिच्या पात्रतेसाठी पुणे-गोवा ही ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर आहे. या शर्यतींत सायकलमागे आपल्या माणसांची गाडी असते. मागच्या वाहनाला रोखते, उजेड दाखवते, पडलास तर उचलते. ट्रायथलॉनमध्ये सहसा बाहेरच्या मदतीला मनाई असते. तिथे खेळाडू एकटा. म्हणून मार्ग आखणाऱ्यावरची जबाबदारी दुप्पट.

जानेवारी २०२६मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूरनं दाखवून दिलं की सरकारनं मनावर घेतलं तर मुळशी, मावळ, पुरंदरचे रस्ते दुरुस्त होतात आणि शर्यतीपुरते बंदही होतात. हौशी स्पर्धेला तेवढा पैसा मिळणार नाही. पण एका रविवारी सकाळी सहा ते दहा एक घाट बंद ठेवणं पोलिसांच्या आवाक्याबाहेरचं नाही. पर्यायी रस्ता असलेला घाट निवडावा, एवढंच.

माळव्याला तर उदाहरण घरातच आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ट्रकचालकांत वर्षानुवर्षं बदनाम होता. उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी व्हायचे आणि पुढच्या गाड्यांवर, समोरच्या बाजूवर ते आदळायचे. किती संसार त्या उतारावर उद्ध्वस्त झाले. फलक लावून झाले, गतिरोधक करून झाले. शेवटी उपाय निघाला तो असा: उतरणाऱ्यांसाठी सौम्य उताराचा, जवळपास नऊ किलोमीटरचा वेगळा रस्ता बांधला आणि २०२४च्या अखेरीस तो खुला केला. ट्रकचालकांना अधिक सावध राहा सांगून भागलं नाही. उताराचीच रचना बदलावी लागली. सायकलच्या मार्गालाही हेच लागू आहे. शंभर हौशी माणसांना जपून उतरा असं सांगणं म्हणजे फलक लावणं.

मग रचना कशी बदलायची? आल्प्समध्ये होट रूट नावाची हौशी सायकलस्वारांची बहुदिवसीय स्पर्धा होते. तिच्यात धोकादायक उतारांवर वेळ मोजत नाहीत. माथ्यावर वेळ मोजणाऱ्या पट्टीवरून गेलात की तुमचं घड्याळ थांबलं, पायथ्याची पट्टी ओलांडली की पुन्हा सुरू. मधला उतार हवा तितका वेळ घेऊन उतरा. ट्रायथलॉनमध्ये पायाला चिप बांधलेली असतेच, दोन पट्ट्या जास्त टाकायच्या, एवढाच खर्च. ट्रायथलॉनच्या कट्टर मंडळींना हे रुचत नाही. आमचा खेळ सलग आहे, मध्ये घड्याळ थांबलं तर तो तुटतो, असं ते म्हणतात. व्यावसायिकांच्या स्पर्धेत त्यांचं ऐकावं. ज्यांना सोमवारी सकाळी दवाखाना उघडायचा आहे, वर्गावर जायचं आहे, त्यांच्या स्पर्धेत ऐकू नये. वर मांडलेला हिशेब पुन्हा बघा. सात-आठ तासांच्या स्पर्धेत उतारावरची तीन मिनिटं कुणाचं पदक ठरवतात? जवळजवळ कुणाचंच नाही.

दुसरा मार्ग फ्रान्समधल्या आल्प द्यूएझ ट्रायथलॉनचा. २००६पासून चालणाऱ्या या स्पर्धेत पोहणं खाली तळ्यात, आणि सायकल संपते ती त्या प्रसिद्ध एकवीस वळणांच्या चढाच्या माथ्यावर. धावणं वरच. लांब अंतरात आधीच्या खिंडींचे उतार येतातच, पण शेवटचा, सगळ्यांत दमलेल्या वेळचा घाट फक्त चढायचा.

नर्मदेच्या काठी उभं राहून विचार केला तर हा आराखडा जामला चपखल बसतो. महेश्वरची सहस्रधारा जलक्रीडेसाठी ओळखीची आहे. २०२३च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धेतली कनू स्लॅलम तिथेच झाली, आणि त्याच स्पर्धेतला मल्लखांब आमच्या उज्जैनात. पोहण्यासाठी मात्र सहस्रधारेचा खळाळ नको. बांधाच्या वरचं संथ पाणी शोधावं लागेल आणि प्रवाहाची स्वतंत्र परीक्षा करावी लागेल. तिथून सायकल निमाडच्या सपाटीवर फेऱ्या घेईल, शेवटी जाम चढेल आणि दरवाजापाशी थांबेल. धावणं पठारावर, महूच्या दिशेनं. परतीला सायकली टेम्पोत. या मार्गावर घाटाचा उतार कुणाच्याच वाट्याला येणार नाही, आणि तरी मार्ग डोंगराळ म्हणून कुठेही सांगता येईल. माळव्यात ट्रायथलॉन भरवायचं मनात असलेल्यांनी हा आराखडा एकदा कागदावर मांडावा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. कायद्यातली हेल्मेटसक्ती सायकलवाल्याला लागू नाही, तरी हेल्मेटशिवाय कुणाला गटात घेऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी. घाटात पुढचे दांडे सोडा. आणि कुठल्याही डोंगराळ स्पर्धेचे पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचारा: उताराचा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद असेल का, वळणावळणावर माणूस असेल का, आणि उतारावर घड्याळ चालू असेल का. पहिल्या दोनांपैकी एकाचंही उत्तर नाही असेल तर त्या स्पर्धेत नाव घालू नका, आणि आपल्या गटातल्या कुणाला घालूही देऊ नका.